स्की आणि स्नोबोर्डवर ॲक्शन कॅमेरा कसा लावायचा: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गुलमर्ग-औलीला स्कीचा कोर्स करायला निघालेले, स्वित्झर्लंड किंवा कॅनडात राहणारे आणि हिवाळाभर शनिवार-रविवार उतारावर घालवणारे, असे दोन्ही प्रकारचे मराठी स्कीवेडे जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. कॅमेरा गोप्रो असो, डीजेआय असो की इन्स्टा३६०, तो लावण्याचं गणित सारखंच आहे. उदाहरणं बरीचशी गुलमर्गची आहेत, कारण आपल्याकडून सर्वांत जास्त लोक तिथेच जातात.

हेल्मेटवर कॅमेरा लावून केलेला माझा व्हिडिओ घरी कुणी दोन मिनिटांच्या वर बघत नाही. चुकतंय काय?

त्यात माणूस नाही. हेल्मेटच्या टोकावरून दिसतो तो पांढरा उतार, खाली अधूनमधून डोकावणारी स्कीची टोकं आणि तुम्ही मान फिरवाल तसं गरगरणारं क्षितिज. तुम्हाला तो बघताना पोटात गोळा येतो, कारण तुम्ही तिथे होता. सोफ्यावर बसलेल्या मावशीला मात्र उतार किती तीव्र होता हेसुद्धा कळत नाही. रुंद लेन्स उतार सपाट करून टाकते, आणि वेग कळायला जवळची एखादी वस्तू चौकटीत असावी लागते.

म्हणून कॅमेरा कुठेही लावा, पण त्याला शरीराचा एखादा भाग दिसलाच पाहिजे: गुडघे, हात, बूट, चेहरा, निदान सावली. स्कीवर किंवा बोर्डवर कॅमेरा लावण्यात खरी मजा आहे ती ह्याचसाठी. तिथून तो तुमच्याकडे वळवता येतो. बर्फ उडताना, बाइंडिंग (बूट फळीला धरून ठेवणारी पकड) दाबलं जाताना, चेहऱ्यावर भीती आणि आनंद एकाच वेळी उमटताना दिसतात. पुढची बहुतेक उत्तरं ह्याच एका गोष्टीभोवती फिरतात.

स्कीवर कॅमेरा नेमका कुठे चिकटवायचा?

पुढच्या टोकावर नको, हे आधी सांगतो. सगळ्यांना मोह तिथलाच होतो, कारण फ्रेम मोठी मिळते. पण स्कीचं टोक वेगात फडफडतं, आणि जितकं पुढे जाल तितकी ही फडफड वाढते. चित्र जेलीसारखं लिबलिबीत होतं आणि ते नंतर कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये नीट सुधारत नाही.

बाइंडिंगच्या पुढच्या भागापासून साधारण एक ते दीड वीत पुढे, स्कीच्या मध्यरेषेवर, लेन्स तुमच्याकडे आणि थोडी वर रोखलेली, ही जागा बरी. इथून बूट, गुडघे, धड आणि वर आकाशाचा तुकडा येतो. आडवी फ्रेम ठेवली तर डोकं कापलं जाऊ शकतं, म्हणून शक्य तितकी रुंद लेन्स निवडा. कॅमेरा जितका खाली बसेल तितकं चांगलं. मधे लांब दांडा लावलात की तो तरफेसारखा काम करतो: थरथर वाढते आणि बर्फाच्या ढेकळाचा एक धक्का माउंट उखडायला पुरतो.

डावी स्की की उजवी? हे फारसं कुणी विचारत नाही, पण फरक पडतो. वळताना शरीराचा भार बाहेरच्या स्कीवर असतो. कॅमेरा डाव्या स्कीवर असेल तर उजवीकडे वळताना ती स्की बर्फात घट्ट रुतून चालते आणि चित्र स्थिर येतं. डावीकडे वळताना तीच आतली स्की होते, हलकी पडते आणि नाचू लागते. म्हणून ज्या बाजूची तुमची वळणं लांब आणि पक्की आहेत, तिच्या विरुद्ध बाजूच्या स्कीवर कॅमेरा लावा.

ज्यांच्या स्कीची टोकं अजून एकमेकांवर चढतात, त्यांनी हा प्रयोग पुढच्या मोसमावर ढकलावा. दुसऱ्या स्कीची स्टीलची कड कॅमेऱ्यावरून गेली की लेन्स जाते, आणि बहुधा तुम्हीही पडता.

गुलमर्गच्या भुसभुशीत बर्फात हे चालेल का?

नाही. गुडघाभर ताज्या बर्फात स्की बर्फाच्या खालून चालते, म्हणजे कॅमेराही खालून चालणार. घरी येऊन बघाल तर पूर्ण पांढरा पडदा, मधेच एखादा निळसर चमकारा. अफरवाटच्या, म्हणजे गुलमर्गमागच्या डोंगराच्या, वरच्या उतारांची ख्याती ज्या बर्फासाठी आहे, त्या बर्फात मागून येणाऱ्या मित्राच्या हातातली काठी किंवा छातीवरचा कॅमेराच कामाचा (पण राखलेल्या उतारांबाहेर छातीवर नको, कारण खाली बीकनच्या उत्तरात). स्कीवरचा कॅमेरा दाबून सपाट केलेल्या खालच्या उतारांवर वापरा. तिथे तो झकास काम करतो, विशेषतः सकाळी, बर्फ कडक असताना: कडेखालून उडणारे कण उन्हात दिसतात आणि खरवडल्याचा आवाजही पकडला जातो.

स्नोबोर्डवर?

बोर्डवर काम सोपं आहे. दोन्ही पाय एकाच रुंद फळीवर असल्यामुळे नाकाकडचा (पुढच्या टोकाचा) भाग स्कीच्या टोकाइतका फडफडत नाही, आणि फळ्या एकमेकींवर चढण्याचा प्रश्नच नाही. पुढच्या बाइंडिंगच्या जरा पुढे, लेन्स मागे वळवून लावा. बोर्डवरचा माणूस बोर्डच्या नाकाच्या दिशेने बघत असतो, त्यामुळे चेहरा आपोआप कॅमेऱ्यासमोर येतो. स्कीवर इतका छान चेहरा क्वचित मिळतो.

शेपटीकडे, म्हणजे मागच्या टोकाकडे, लावून लेन्स पुढे रोखली तर तुमची पाठ, पुढचा हात आणि समोरचा उतार असं चित्र मिळतं. झाडांमधून जाताना हा कोन फार छान दिसतो, पण मागच्या पायाने वळवताना उडणारा बर्फ थेट लेन्सवर येतो. नाकावर लावून लेन्स पुढे रोखण्यात काही अर्थ नाही. परत तेच: माणूस नाही.

एक काळजी मात्र घ्या. चेअरलिफ्टमध्ये बसताना मागचा पाय मोकळा करून एका पायाने सरकावं लागतं, आणि तेव्हा बोर्डचं नाक कुणाच्या तरी स्कीवर हमखास आपटतं. रांगेत शिरण्याआधी कॅमेरा काढून खिशात टाका. खाली बेस चिकटलेला राहू द्या.

चिकट माउंट बर्फात टिकतो का? मला भीती वाटते.

नीट लावला तर टिकतो, आणि इतका टिकतो की नंतर काढताना घाम फुटतो. निघून जातो तो उतारावर लावलेला माउंट. हा चिकट फोम थंडीत कडक होतो आणि पृष्ठभागाला धरतच नाही. तो लावताना स्की आणि माउंट दोन्ही खोलीच्या तापमानाला हवेत, आणि लावल्यावर पूर्ण पकड यायला चोवीस तास द्यायला हवेत. म्हणजे उद्या दुपारी चित्रीकरण करायचं असेल तर आज सकाळीच हे काम उरकायला हवं.

कृती अशी. स्की खोलीत आणून तासभर कोरडी होऊ द्या. गुलमर्गच्या हॉटेलात बुखारी (खोली तापवणारी शेगडी) असेल तर त्याच खोलीत ठेवा, पण बुखारीला टेकवून नाही. जिथे चिकटवायचं ती जागा आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. तळाला लावलेलं मेण स्कीच्या वरच्या बाजूलाही सांडलेलं असतं आणि ते डोळ्यांना दिसत नाही. पुसलेल्या जागेला मग बोट लावू नका. मागचा कागद काढा, एकदाच नीट नेम धरून ठेवा आणि अंगठ्याने अर्धा मिनिट जोर देऊन दाबा. वाकडा बसला म्हणून उचलून पुन्हा लावलात तर ती पट्टी गेली, नवी घ्या.

स्कीचा वरचा पृष्ठभाग खडबडीत, दाणेदार किंवा उठावदार नक्षीचा असेल तर तिथे माउंट लावू नका, गुळगुळीत जागा शोधा. काही बोर्डांवर ती मिळतच नाही. अशा वेळी बाइंडिंगच्या स्क्रूच्या भोकांत बसणारे माउंट मिळतात, ते बघा. बेस निवडताना सपाट फळीला सपाट बेस आणि हेल्मेटला वक्र बेस. उलटा लावलात तर कडा उचललेल्या राहतात आणि तिथून पाणी शिरून गोठतं.

बकल (कॅमेऱ्याखालचा, बेसमध्ये सरकवायचा खटका) कोणत्या दिशेने सरकवायचं हेही बघा. बर्फाचा मारा टोकाकडून बाइंडिंगच्या दिशेने येतो. तो मारा बकलला बेसमध्ये आणखी आत ढकलेल अशा बाजूने बेस चिकटवा, म्हणजे बेसचं उघडं तोंड स्कीच्या टोकाकडे हवं. गोप्रोच्या जुन्या डब्यांत पांढऱ्या रबराचा एक बारका तुकडा यायचा, जो बहुतेकांनी काय आहे ते न कळून फेकून दिला. तो बकलच्या दोन पाकळ्यांमध्ये बसवायचा असतो, म्हणजे थरथरीने त्या आपोआप दबून सुटत नाहीत. आता तो सुटा विकत मिळतो, घेऊन ठेवा. अंगठ्याने फिरवायचा स्क्रूही हातमोजे घालून पुरेसा आवळला जात नाही. छोटा पाना जवळ ठेवा.

चुंबकाने झटकन बसणारे माउंट हेल्मेटवर किंवा काठीवर सोयीचे आहेत. स्कीवर मी ते लावणार नाही.

स्की भाड्याची आहे. दुकानदार चिकटवू देईल?

विचारा. बरेच जण काढताना खुणा राहणार नाहीत या अटीवर तयार होतात, काही अनामत वाढवून मागतात. पण अडचण वेगळीच आहे: भाड्याची स्की संध्याकाळी परत करायची असेल तर चोवीस तास मिळणार कुठून? दोन-तीन दिवसांसाठी एकच जोडी घ्या आणि पहिल्या रात्री ती खोलीवर न्या.

खाली मास्किंग टेप लावून त्यावर माउंट चिकटवण्याचा जुगाड सुचवणारे भेटतात. माउंटची पकड मग मास्किंग टेपएवढीच राहते. कॅमेऱ्याची किंमत आठवा आणि ठरवा.

दोरी बांधायची का?

बांधायचीच. चिकटपट्टीवर बसणारी छोटी गाठ आणि बारीक वायरची दोरी मिळते. ती माउंटपासून अलग चिकटवा, नाहीतर माउंट उखडताना दोरीसकट जाईल. लांबी एका वितीपेक्षा जास्त नको. लांब दोरीला लटकलेला कॅमेरा वेगात गोफणीच्या दगडासारखा फिरतो आणि नडगीवर बसतो.

पावडर बर्फात पडलेला कॅमेरा सहसा सापडत नाही. तरी कव्हर भडक नारिंगी घ्या आणि आत मेमरी कार्डवर तुमचा फोन नंबर लिहिलेली एक फोटोफाइल ठेवा. कुणाला सापडलाच तर ती उपयोगी पडते.

छातीवरचा पट्टा कसा आहे?

स्कीसाठी माझी पहिली पसंती. हात, काठ्या, गुडघे, स्की सगळं चौकटीत येतं, मान फिरवली तरी चित्र फिरत नाही आणि वेग चांगला जाणवतो. कॅमेरा उलटा लावून लेन्स जरा वर करा, कारण स्की करताना आपण पुढे झुकतो आणि सरळ लावलेला कॅमेरा फक्त बूट टिपतो. झुकलेल्या अवस्थेतच आरशासमोर उभं राहून कोन ठरवा.

स्नोबोर्डवाल्यांनी मात्र हा पट्टा घेऊ नये. बोर्डवर माणूस आडवा उभा असतो, छाती पुढे नाही, बाजूला वळलेली असते. तुम्ही खाली सुसाट चाललेले असता आणि कॅमेरा शांतपणे शेजारची देवदाराची झाडं टिपत असतो.

छातीवर कॅमेरा आणि हिमस्खलनाचा बीकन एकत्र चालतो का?

या पानावरचं एकच उत्तर वाचायचं असेल तर हे वाचा.

गुलमर्गची गोंडोला (केबलकार) दोन टप्प्यांत जाते. पहिला टप्पा कोंगदोरीपर्यंत, दुसरा अफरवाटच्या खांद्यावर, समुद्रसपाटीपासून ३,९०० मीटरच्याही वर. तिथून कुंपणाबाहेरचा, म्हणजे राखलेल्या उतारांच्या हद्दीबाहेरचा, डोंगर सुरू होतो. फेब्रुवारी २०२३ मध्ये आणि पुन्हा फेब्रुवारी २०२४ मध्ये या परिसरात हिमस्खलनात परदेशी स्कीअरांचे जीव गेले आहेत. दुसऱ्या टप्प्यावरून मोकळ्या डोंगरात उतरणाऱ्याकडे बीकन म्हणजे ट्रान्सीव्हर (गाडल्या गेलेल्या माणसाला शोधायचं, अंगावर बांधायचं रेडिओ उपकरण), फावडं आणि शोधकाठी असलीच पाहिजे, सोबत ती वापरता येणारा साथीदारही.

ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्झवर संदेश पाठवतो. आसपासची इलेक्ट्रॉनिक उपकरणं, धातू आणि चुंबक त्यात गोंधळ घालतात. जगभर शिकवला जाणारा नियम असा: संदेश पाठवत असताना ट्रान्सीव्हर आणि इतर उपकरणं यांच्यात निदान २० सेंटिमीटर अंतर, आणि शोध घेत असताना निदान ५० सेंटिमीटर. आता ट्रान्सीव्हरचा पट्टा कुठे असतो? छातीवर किंवा पोटावर. म्हणजे छातीचा कॅमेरा बरोबर त्याच्यावर येऊन बसतो. गळ्यात घालायचा चुंबकी माउंट तर आणखी वाईट.

म्हणून कुंपणाबाहेर जाताना छातीवर कॅमेरा नको. हेल्मेटवर किंवा काठीवर लावा. ट्रान्सीव्हर पँटच्या खास खिशात ठेवण्याची सोय असेल तर अंतर मोजून बघा. आणि कुणी गाडलं गेलं तर शोध सुरू करण्याआधी कॅमेरा, फोन, तापणारे हातमोजे सगळं बंद करून बाजूला करा. ‘रेकॉर्डिंग चालू राहू दे, नंतर कामाला येईल’ असं तेव्हा म्हणायचं नाही.

एअरबॅगची (हिमस्खलनात मूठ ओढली की फुगणारी) पाठपिशवी असेल तर तिच्या खांद्याच्या पट्ट्यावर, चेनवर किंवा ओढायच्या मुठीजवळ काहीही अडकवू नका.

हेल्मेटवर लावणं धोकादायक आहे का? शूमाकरचं काय झालं होतं?

२९ डिसेंबर २०१३ रोजी फ्रान्समधल्या मेरिबेलला आखलेल्या मार्गांबाहेर फॉर्म्युला वन शर्यतपटू मायकेल शूमाकरचा अपघात झाला, डोकं खडकावर आपटलं. त्याच्या हेल्मेटवर कॅमेरा होता, आणि त्यातलं चित्रण तपास करणाऱ्यांनी पाहिलं. कॅमेऱ्यामुळे दुखापत वाढली का यावर पुष्कळ लिहिलं-बोललं गेलं, पण तसं सिद्ध झालेलं नाही. तेव्हा ‘कॅमेऱ्यामुळे झालं’ असं ठोकून देणारे व्हॉट्सॲप संदेश सोडून द्या.

तरी विचार करायचा तो साध्या बुद्धीने. गोल, गुळगुळीत हेल्मेट बर्फावरून घसरावं अशी अपेक्षा असते. त्यावर वर आलेला कडक गोळा कशात तरी अडकला तर मान पिळते. म्हणून टोकावर उंच माउंट नको, शक्य तितका खाली आणि चिकटून हवा. हेल्मेटला भोक पाडू नका, स्क्रू मारू नका, थिनरने पुसू नका. ताकद कमी होते आणि ते बाहेरून कळत नाही. भाड्याच्या हेल्मेटला चिकटवण्यापेक्षा हवेच्या भोकांतून जाणारा पट्टा बरा.

हनुवटीजवळ कॅमेरा बसवता येत असेल, तर डोळ्यांच्या सर्वांत जवळचा कोन तोच. हातही दिसतात.

तोंडात धरायचा माउंट?

चित्र सुरेख येतं. पण पडलात तर कॅमेरा दात घेऊन जाईल, आणि उणे दहामध्ये तोंड उघडं ठेवून श्वास घेतला की वाफ थेट लेन्सवर जाते. उभं राहून केलेल्या शॉटपुरता ठीक.

मला एकच गोष्ट घ्यायची आहे. काय घेऊ?

काठी. गमतीने नाही म्हणत. उतारावरचं सर्वांत चांगलं चित्रण मागून किंवा बाजूने येणारा साथीदार करतो, आणि त्याला फक्त मीटरभराची काठी आणि चालता कॅमेरा लागतो. कॅमेरा गुडघ्याच्या उंचीवर धरायचा, पुढच्याच्या स्कीपासून दोन-तीन मीटर अंतर ठेवायचं. इतक्या खालून वेग दुप्पट वाटतो.

मात्र मागच्याचं स्कीइंग पुढच्यापेक्षा चांगलं हवं. आंतरराष्ट्रीय स्की महासंघाचे उतारावर वागायचे जे नियम आहेत, त्यांत मागून येणाऱ्याने पुढच्याला धोका होणार नाही असा मार्ग निवडायचा असतो. धडक झाली तर ‘मी शूट करत होतो’ ही सबब चालत नाही.

एकटे असाल तर ३६० अंशांचा कॅमेरा आणि त्याची अदृश्य होणारी काठी. दोन लेन्सची चित्रं जोडताना काठी मधल्या पट्टीत लपते आणि ड्रोन मागे उडतोय असं वाटतं. कोन घरी बसून ठरवता येतो, ही मोठी सोय. पण दोन्ही लेन्स फुगीर आणि उघड्या असतात. बर्फाच्या कडक पापुद्र्यावर एकदा घासल्या की ओरखडा प्रत्येक शॉटमध्ये दिसतो. शिवाय एक हात कायम गुंतलेला, म्हणजे एकच काठी टेकवत उतरावं लागतं. नवशिक्याने हे करू नये.

ड्रोन नेऊ का?

गुलमर्गला? नका नेऊ. नियंत्रण रेषा जवळ आहे, आजूबाजूला लष्कराची ठाणी आहेत, परवानगीशिवाय उडवलात तर कॅमेराच काय, पुढचे दोन दिवसही जातील. परदेशातल्या बहुतेक स्की रिसॉर्टमध्येही ड्रोनला बंदी असते.

स्टॅबिलायझेशन चालू ठेवायचं की बंद?

जागेवर अवलंबून आहे, आणि इथे भलेभले गोंधळतात. कॅमेऱ्यातलं स्टॅबिलायझेशन गायरो (हालचाल मोजणारा सेन्सर) बघून जगाला स्थिर करतं. हेल्मेट, छाती, काठी इथे तेच हवं असतं: चालू ठेवा, क्षितिज सरळ ठेवायची सोय असेल तर तीही.

कॅमेरा स्कीवर किंवा बोर्डवर असेल तेव्हा मात्र चौकटीतली सगळ्यात मोठी वस्तू म्हणजे स्वतः ती फळी, आणि ती कॅमेऱ्यासोबतच हलते. सॉफ्टवेअर डोंगर स्थिर करायला जातं आणि तुमचे बूट चौकटीत पोहायला लागतात. अशा वेळी स्टॅबिलायझेशन बंद करून बघा. स्की आणि पाय एका जागी खिळतात, मागचा डोंगर डावी-उजवीकडे कलंडतो. मला हेच चित्र जास्त जिवंत वाटतं. काहींना चक्कर येते, त्यांनी सर्वांत कमी पातळी ठेवावी.

बर्फ करडा किंवा निळा येतो. सेटिंग काय ठेवू?

स्वयंचलित मोजणी सगळ्याच गोष्टींना मध्यम करडं धरते, म्हणून भर उन्हातला बर्फ मळका येतो. एक्स्पोजर अर्धा स्टॉप वाढवून एक चाचणी घ्या आणि पडद्यावर बर्फातल्या रेघा दिसतात का बघा. रेघा पुसल्या गेल्या असतील तर पुन्हा खाली आणा; एकदा जळालेला पांढरा भाग परत मिळत नाही. व्हाइट बॅलन्स उन्हात ५५०० केल्व्हिनच्या आसपास पक्का करून टाका. स्वयंचलित ठेवलात तर उन्हातून झाडांच्या सावलीत शिरताच रंग मधेच बदलतात.

फ्रेम्स सेकंदाला ६०, संथ गती हवी तिथे १२०. आयएसओची वरची मर्यादा ४००. ढगाळ दिवशी उतारच दिसत नसेल तर कुठल्याच सेटिंगने तो दिसणार नाही. झाडांजवळ जा, तिथे निदान गडद रंग मिळतो.

बॅटरी वर पोहोचेपर्यंतच संपते.

लिथियम बॅटरीतली रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, त्यामुळे अर्धी भरलेली बॅटरीही एकाएकी मान टाकते. त्यात उंचीची भर: दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं, म्हणजे गुलमर्गच्या मैदानापेक्षा अफरवाटचा खांदा आठेक अंशांनी थंड, वारा वेगळाच.

जादा बॅटऱ्या जॅकेटच्या आतल्या खिशात, अंगाला लागून ठेवा. मेलेली बॅटरीही तिथेच टाका, ऊब मिळाली की बऱ्याचदा थोडी जिवंत होते. वाय-फाय, जीपीएस, आवाजी आज्ञा आणि पुढचा छोटा पडदा बंद करा. गोंडोलात कॅमेरा काढून जॅकेटच्या आत घ्या. गोप्रोच्या एन्ड्युरो बॅटऱ्या थंडीसाठीच केलेल्या आहेत, फरक जाणवतो. विमानात सुट्या बॅटऱ्या हातातल्या सामानात, चेक-इनमध्ये नाही.

लेन्सवर वाफ आणि बर्फ. काय करू?

वाफ येते ती थंडगार कॅमेरा उबदार खोलीत नेल्यावर. बाहेरच झिपच्या पिशवीत घालून हवाबंद करा, मग आत न्या आणि पिशवीसकट खोलीच्या तापमानाला येऊ द्या. चहाच्या टपरीवर टेबलावर उघडा ठेवून परत बाहेर नेलात तर ती वाफ लेन्सवर गोठते आणि दुपार गेलीच.

लेन्सवर बर्फ बसला तर फुंकर मारू नका, ओलाव्याचा थर होऊन गोठतो. कोरडं मायक्रोफायबर कापड जॅकेटच्या छातीच्या खिशात, दुसरं कुठे नाही. प्रत्येक रनआधी, म्हणजे प्रत्येक उतरणीआधी, लेन्स बघायची सवय लावा. एका थेंबाने वाया गेलेली क्लिप कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर कळतही नाही.

नवा कॅमेरा घेऊन थेट काश्मीरला निघालोय. काही राहिलं?

घरीच चालू करून बघा. नव्या कॅमेऱ्याची नोंदणी फोनच्या ॲपवरून इंटरनेटने करावी लागते, काही कंपन्यांचा कॅमेरा त्याशिवाय रेकॉर्डच करत नाही. आणि बाहेरच्या राज्यांतली प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाहीत, पोस्टपेडच लागतं. हॉटेलच्या वाय-फायवर भरोसा ठेवून जाणं म्हणजे नवसावर संसार. मेमरी कार्ड व्ही३० दर्जाचं (व्हिडिओ साठवायला पुरेसं वेगवान) घ्या, आणि हातमोजे घालून बटण दाबायचा सराव करा.

आम्ही स्की करत नाही, फक्त स्लेजवर बसणार. तरी कॅमेरा लावता येईल?

लाकडी स्लेजला चिकटपट्टी धरत नाही, आणि स्लेज तुमची नाही. छातीचा पट्टा घाला किंवा समोरच्याला काठी द्या. ओढणाऱ्या काकांचं चित्रण करायचं असेल तर आधी विचारा, आणि ठरलेल्या पैशांवर थोडे जास्त द्या.

किती वेळ रेकॉर्ड करू?

एक रन, एक कोन. सकाळच्या पहिल्या रनला स्कीवर, दुसऱ्याला छातीवर, मग मित्राच्या हातात काठी. बटण दाबून दिवसभर चालू ठेवलं तर घरी येऊन कुणीही ते बघायला बसत नाही, तुम्हीसुद्धा नाही. स्कीवरून मागे रोखलेला शॉट पाच-सहा सेकंदच छान वाटतो. तो मसाला आहे, भाजी नाही. पूर्ण दीड मिनिटाच्या व्हिडिओत असे दोन तुकडे पुरे. मधे बूट चढवताना, गोंडोलाच्या काचेवर नखाने बर्फ खरवडताना, पडल्यावर काठी शोधताना असे साधे शॉट घाला. घरच्यांना खरं तर तेच बघायचं असतं.

परत आल्यावर माउंट काढायचा कसा?

उपटू नका, स्कीचा वरचा थर सोलला जातो. हेअर ड्रायरने मिनिट-दीड मिनिट ऊब द्या, मग दात साफ करायचा दोरा किंवा मासेमारीची बारीक तंगूस बेसच्या खालून करवतीसारखी पुढे-मागे ओढत न्या. उरलेला फोम बोटाने चोळून गोळा करा, डाग अल्कोहोलने पुसा. हेल्मेटवर हेअर ड्रायर लांबूनच धरा; आतला फोम उष्णतेने खराब होतो. स्की भाड्याची असेल तर हे काम दुकानात नेण्याआधी खोलीवर करा, कारण दुकानातला मुलगा घाईत असेल तर सरळ पटाशी घालतो, आणि ओरखड्याचे पैसे तुमच्या अनामतीतून जातात.